आयर्लंडचे 'क्युअर'वाले: चालू द्यावं का?

कॉर्ककर: इथल्या खेड्यांत नागीण झाली की डॉक्टरआधी 'क्युअर', म्हणजे तो आजार बरा करायचा पारंपरिक गुण, कुणाकडे आहे ते विचारतात. कुणाकडे नागिणीचा, कुणाकडे भाजल्याचा, कुणाकडे गजकर्णाचा. सातव्या मुलाचा सातवा मुलगा असेल तर विचारूच नका. तो पैसे मागत नाही, आपण आभार मानायचे नाहीत. मानले की गुण जातो म्हणे. १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून लोकपरंपरा लिहून घेतली, त्यात असे उपचार भरपूर आहेत. डांग्या खोकला झाला तर पांढऱ्या घोड्यावरच्या माणसाला उपाय विचारायचा आणि तो सांगेल ते करायचं! फुकट आहे, धीर येतो. करू देत की लोकांना.

निमडॉक्टर: धीर ठीक, वेळ जातो त्याचं काय? नागिणीवरच्या विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या. डोळ्याजवळ उठली तर नजरेवर बेतू शकतं. दोन टोकं जुळली की माणूस जातो, ही समजूत तिथेही आहे आणि आपल्याकडेही. पण पुरळ एका बाजूच्या नसेच्या पट्ट्यात येते, सहसा मधली रेघ ओलांडत नाही. टोकं मुळात जुळणारच नसतात, श्रेय मात्र क्युअरवाल्याला.

रानवाटा: असहमत. उत्तर आयर्लंडमध्ये बोहो गावी १८१५ साली वारलेल्या फादर मॅकगर यांच्या कबरीची माती लोक बरं वाटावं म्हणून फडक्यात बांधून उशाखाली ठेवतात आणि नंतर परत नेऊन टाकतात. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच मातीत स्ट्रेप्टोमायसिस या प्रतिजैविकं बनवणाऱ्या जिवाणूचा नवा प्रकार सापडल्याचं जाहीर केलं. प्रयोगशाळेत त्याने औषधांना न जुमानणारे जंतूही रोखले. हसण्याआधी तपासावं.

निमडॉक्टर: तपासलं, म्हणून तर कळलं. पण उशाखालच्या पुरचुंडीतलं प्रतिजैविक रक्तात कसं पोचणार? आणि स्ट्रेप्टोमायसिस कुठल्याही मातीत मिळतो. स्ट्रेप्टोमायसीन हे प्रतिजैविक १९४३ मध्ये अमेरिकेतल्या मातीतूनच आलं, तिथे कुणा फादरची कबर लागली नाही.

कॉर्ककर: डॉक्टरसाहेब, आमच्या जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळायला आठवडा लागतो. तुमचे ७२ तास तिथेच संपले. क्युअरवाला त्याच संध्याकाळी दार उघडतो.

निमडॉक्टर: मग रात्रपाळीच्या डॉक्टरसेवेला फोन करा. आणि गोळ्या हातात पडल्या की जा खुशाल क्युअरवाल्याकडे, आभार न मानता.