लायब्ररीच्या पहिल्या पडद्यावर हक्क कोणाचा?

सेव्हपॉइंट (धागाकर्ता)

पीसीवर गेम विकत घ्यायचं आणि सुरू करायचं ठिकाण म्हणजे स्टीम; त्याने ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी आपल्या गेम लायब्ररीचं (घेतलेल्या गेमच्या यादीचं) रूप पालटलं. सप्टेंबरात बीटा (चाचणीची आवृत्ती) आला होता, म्हणजे ओरडायला लोकांना चांगला महिना-दीड महिना मिळाला, आणि लोक ओरडलेही. त्यानंतर कुठल्याही लाँचरने (गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने) किंवा कन्सोलने लायब्ररीला हात लावला की तीच दोन टोळकी समोरासमोर येतात. एका बाजूला "आता कसं आधुनिक वाटतंय", दुसऱ्या बाजूला "चालतंय त्याला कशाला हात लावता". मी दुसऱ्या टोळक्यात आहे, पण माझं कारण जुन्याचं प्रेम नाही.

लायब्ररी उघडल्यावर पहिल्या पडद्यावर फक्त माझ्या मालकीच्या गोष्टी दिसाव्यात, एवढंच माझं म्हणणं. जुन्या रूपात यादी, तपशील आणि ग्रिड अशी तीन दृश्यं होती. एक निवडायचं, विषय संपला. नव्यात 'होम' नावाचं पान आलं आणि त्याच्या डोक्यावर 'व्हॉट्स न्यू'ची पट्टी बसली. तिच्यात काय असतं? हंगामी इव्हेंट, नवी डीएलसी (गेमला जोडायचा विकतचा जादा भाग), कधी त्याच स्टुडिओच्या पुढच्या गेमची दवंडी. स्टोअरचा टॅब तिथेच शेजारी आहे की! पैसे मोजून घेतलेल्या मालाच्या यादीत मला पुन्हा गिऱ्हाईक का बनवायचं?

कव्हरं देखणी आहेत, त्याबद्दल वाद नाही. बोला आता.

बॅकलॉग_बहाद्दर

सपशेल असहमत.

तुमची यादी फक्त त्या माणसाच्या कामाची आहे ज्याला बसायच्या आधीच माहीत असतं की आज काय खेळायचं. माझ्यासारखे लोक सेलमध्ये वाहवत जाऊन घेतात आणि मग विसरतात. अ ते ज्ञ लावलेल्या नावांच्या भिंतीकडे बघून मला एकही गेम आठवत नाही. बंडलमधून आलेल्या निम्म्या गेमची नावंसुद्धा ओळखीची वाटत नाहीत. मग काय, पुन्हा तोच एक नेहमीचा गेम सुरू करायचा.

नव्या लायब्ररीची खरी कमाई आहे डायनॅमिक कलेक्शन. कव्हरं वगैरे वरवरचं. को-ऑप (मिळून खेळायचे गेम) हा टॅग आणि पूर्ण कंट्रोलर सपोर्ट हे दोन फिल्टर लावले, कलेक्शन म्हणून सेव्ह केलं, संपलं. पुढे त्यात बसणारा कुठलाही गेम घेतला की तो स्वतःहून तिथे जाऊन बसतो. जुन्या रूपात कॅटेगरी होत्या, पण एकेक गेम हाताने उचलून टाकावा लागायचा. शेकड्यांनी गेम असलेल्या माणसाने ते कधी करायचं? खेळायचं कधी?

टॅग लोकांनी दिलेले असल्यामुळे कधीकधी कलेक्शनमध्ये भलताच गेम डोकावतो, हे खरं. पण त्या निमित्ताने तो गेम निदान दिसतो तरी.

फक्त_कीबोर्ड

धागाकर्ते, एक सांगा. यादी गेलीये कुठे? डावीकडे आहे की जशीच्या तशी. वर शोधायची चौकट आहे, दोन अक्षरं टाकली की गेम हजर, एंटर मारा. मी होमचं पान बघतच नाही. जे बघत नाही त्याचा राग कसा यावा?

सेव्हपॉइंट

@फक्त_कीबोर्ड, यादी आहे, पण ती आता बाजूची पट्टी झालीये. मधली मोक्याची जागा दुसऱ्याला मिळाली. क्लायंट (संगणकावरचा स्टीमचा प्रोग्राम) सुरू होताना मी लायब्ररी उघड म्हणून सांगून ठेवलं तरी स्वागताला होमच येतं. तुम्ही नजर चुकवायला शिकलात, ठीक. पण नजर चुकवायला शिकावं लागतं, यातच सगळं आलं ना?

@बहाद्दर, डायनॅमिक कलेक्शनला मीही दाद देतो. मात्र ते 'व्हॉट्स न्यू'शिवायही देता आलं असतं. गोड गोळीत कडू औषध घालून द्यायची ही पद्धत मला खटकते.

जुनं_ग्राफिक्स_कार्ड

माझा मुद्दा वेगळाच आहे आणि तो कोणी काढत नाही. ही नवी लायब्ररी म्हणजे मुळात वेबपान आहे. क्लायंटच्या आत क्रोमियमचं (क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्याचं) इंजिन बसवलेलं आहे आणि लायब्ररी त्यातच रंगवली जाते. टास्क मॅनेजर उघडून 'स्टीमवेबहेल्पर' नावाच्या किती प्रक्रिया चालू आहेत ते बघा. तगड्या मशीनवर कोणाला पत्ताही लागत नाही. कमी रॅमच्या लॅपटॉपवर मात्र गेमची यादी दाखवणारी खिडकीच मेमरीत गेमशी स्पर्धा करते. लायब्ररीच्या सेटिंग्जमध्ये 'लो परफॉर्मन्स मोड' आणि 'लो बँडविड्थ मोड' द्यावे लागले ते काही उगाच नाही.

आता पुढचं ऐका. १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ वरचा स्टीमचा सपोर्ट बंद झाला. कंपनीनेच दिलेलं एक कारण असं की आतलं क्रोम जुन्या विंडोजवर चालत नाही. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीचा गेम त्या विंडोजवर मजेत चालेल, पण तो ज्या यादीतून सुरू करायचा ती यादी चालणार नाही. याला सुधारणा म्हणायची?

रिस्पॉन

@जुनं_ग्राफिक्स_कार्ड, वेबहेल्परबद्दल बरोबर बोललात, पण खापर चुकीच्या डोक्यावर फुटतंय. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टावरचा स्टीमचा सपोर्ट १ जानेवारी २०१९ लाच बंद झाला, आणि तेव्हाही कारण हेच होतं, आतलं क्रोम. लायब्ररीचं नवं रूप त्यानंतर दहा महिन्यांनी सगळ्यांना मिळालं. स्टोअरची आणि कम्युनिटीची पानं त्याच्या कितीतरी आधीपासून आतल्या ब्राउझरमध्येच उघडत होती. लायब्ररी त्या रांगेत मागाहून आली एवढंच. शिवाय विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स मायक्रोसॉफ्टने आधीच थांबवली होती. तसल्या मशीनवर पैसे भरायचं खातं उघडं ठेवायचं हे मला तरी पटत नाही.

जुनं_ग्राफिक्स_कार्ड

क्रम तुमचा बरोबर. पण आधी स्टोअर वेबमध्ये होतं तेव्हा मी स्टोअर न उघडता भागवू शकत होतो. लायब्ररी न उघडता कसं भागवू?

एकटा_डेव्ह

थोडं दुसऱ्या बाजूचं ऐका. मी छोट्या टीममध्ये गेम बनवतो. ज्या पट्टीला इथे शिव्या पडताहेत तीच आमच्यासारख्यांची मोठी सोय आहे.

मोठ्या कंपनीचा गेम अपडेट झाला की बातम्या होतात, व्हिडिओ निघतात. आम्ही सहा महिने खपून नवा मोड टाकला तर ते कळणार कोणाला? ज्याने गेम घेतला, तासभर खेळला आणि बाजूला ठेवला त्याला. त्याचा ईमेल आमच्याकडे नसतो, आणि नसावाच. जुन्या लायब्ररीत आमची बातमी गेमच्या स्वतःच्या पानावर पडून राहायची. म्हणजे ज्याने गेम सोडून दिलाय त्यानेच आपण होऊन त्या पानावर जायचं! नव्या रूपानंतर ती होमवर येते. लोक परत येतात, त्यातले काही म्हणतात "तो सेव्ह उडण्याचा बग गेला वाटतं". ही जाहिरात आहे का?

त्रास आम्हालाही झाला, तोही सांगतो. जुन्या ग्रिडला आडवं चित्र पुरायचं, ४६० बाय २१५. नव्याला उभं कव्हर हवं, ६०० बाय ९००. आडवं चित्र कापून उभं होत नाही, मांडणी मुळापासून करावी लागते, आणि आमच्याकडे त्यासाठी वेगळा चित्रकार कुठून असणार? ज्या गेमचे निर्माते धंदा गुंडाळून गेले होते त्यांची कव्हरं तर कोणी केलीच नाहीत. तिथे जुनं आडवं चित्र मध्ये आणि वर-खाली त्याचंच धूसर रूप, असा जुगाड दिसतो.

पिक्सेलवाला

धूसर कव्हरांचा विषय निघालाच आहे तर, राईट क्लिक करून स्वतःचं चित्र लावता येतं. स्टीमग्रिडडीबी या साइटवर हौशी लोकांनी केलेली कव्हरं ढिगाने पडली आहेत, काही तर मूळ कव्हरापेक्षा सरस. मी एक अख्खा शनिवार घालवून सगळं कपाट एका शैलीत लावलं. गेम एकही खेळलो नाही, पण मजा आली!

आणि जुन्या रूपाचे गोडवे गाणाऱ्यांना एक आठवण. २००३ मध्ये स्टीम आलं तेव्हाचा तो शेवाळी हिरवा इंटरफेस लोकांना डोळ्यांसमोर नको होता. २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' हा गेम खेळायला स्टीम सक्तीचं झाल्यावर तर विचारू नका. २०१० मध्ये रूप बदललं, हिरवा गेला, आणि काही दिवसांतच हिरव्याचे भक्त उगवले. जे २०१९ मध्ये गेलं म्हणून गळे काढले गेले ते मुख्यतः २०१० चंच, ज्याला आधी नावं ठेवून झाली होती. २०२३ च्या जूनमध्ये क्लायंट पुन्हा बदलला तेव्हा २०१९ च्या रूपाची बाजू घेणारे भेटले. हा खेळ असाच चालायचा.

फक्त_कीबोर्ड

@पिक्सेलवाला, हे ऐकायला चटकदार आहे, पण यातून सिद्ध काय होतं? लोक दरवेळी कुरकुरतात म्हणून दरवेळची कुरकुर खोटी असं नाही. हाताला बटणाची जागा पाठ झालेली असते, ती हलवली की रोज थोडा थोडा वेळ जातो. बदल्यात काही मिळालं तर माणूस विसरतो. डायनॅमिक कलेक्शन मिळालं, विसरलो. पण गेमच्या पानावर उजवीकडे उभी लिंकांची यादी होती, ती वर आडवी नेली, त्यातून मला काय मिळालं? काहीच नाही. अशा बदलाला विरोध केला की लगेच "तुम्हाला नवं नको असतं" म्हणायचं, ही सोपी पळवाट आहे.

एका लाँचरमध्ये (नाव घेत नाही) नव्या रूपाबरोबर माझी लावलेली फोल्डरंच गेली होती. मदत केंद्राचं उत्तर आलं, "नवी रचना अधिक सुटसुटीत आहे." सुटसुटीत होतीच. आत काहीच नव्हतं ना.

साइडक्वेस्ट

पीसीवाले भाग्यवान आहात, तरी भांडताय. जरा कन्सोलकडे बघा. पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर फोल्डर होते. पीएस५ नोव्हेंबर २०२० मध्ये आला तो फोल्डरशिवाय! 'गेमलिस्ट' म्हणून ती सोय परत यायला सप्टेंबर २०२२ उजाडला, आणि त्यातही १५ याद्या, एका यादीत १०० गेम अशी मर्यादा. निन्टेंडोचा स्विच मार्च २०१७ चा, त्यावर 'ग्रुप्स' आले मार्च २०२२ मध्ये. पाच वर्षं लोक एका आडव्या रांगेत गेम ढकलत बसले. एक्सबॉक्स ३६० चा 'ब्लेड्स' हा जुना मेन्यू २००८ मध्ये काढून अवतार आणि मोठाले फलक आणले, तेव्हाची भांडणं आठवणारे इथे असतीलच.

माझं निरीक्षण असं की घरचा पडदा सजवायला सगळ्यांना वेळ असतो, पण आधीच घेतलेले गेम लावून ठेवायची सोय शेवटी येते. कारण उघड आहे, लावून ठेवण्यातून पुढची विक्री होत नाही. त्या हिशेबाने २०१९ चा बदल उलट चांगलाच म्हणायला हवा. पहिल्या दिवसापासून कलेक्शन, फिल्टर, हव्या त्या क्रमाने शेल्फ. धागाकर्त्याची तक्रार एका पट्टीपुरती आहे आणि शिक्षा मात्र सगळ्या लायब्ररीला.

सेव्हपॉइंट

@साइडक्वेस्ट, पट्टी एकच आहे, पण ती सगळ्यात वर आहे. खाली असती तर हा धागाच निघाला नसता.

@एकटा_डेव्ह, तुमचा मुद्दा जड आहे, टाळत नाही. सेव्ह उडण्याचा बग गेला हे मला कळायलाच हवं. पण त्याच पट्टीत, त्याच आकाराच्या कार्डावर "आमचा नवा गेम विशलिस्ट करा (हव्या गोष्टींच्या यादीत टाका)" हेही येतं. दोन्ही एकाच मापाने दाखवली की मी दोन्हीकडे डोळेझाक करतो, आणि नुकसान तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसाचंच होतं. 'व्हॉट्स न्यू'मध्ये फक्त प्रॉडक्ट अपडेट्स दाखवा अशी सोय सेटिंग्जमध्ये आहे. ती आधीपासून चालू का नको? ज्याला इव्हेंट आणि घोषणा हव्यात त्याने बंद करावी.

एकटा_डेव्ह

कारण अपडेट कुठलं आणि घोषणा कुठली हे आम्हीच ठरवतो. पोस्ट टाकताना प्रकार निवडावा लागतो: छोटं अपडेट, मोठं अपडेट, गेममधला इव्हेंट, दुसऱ्या गेमचा प्रचार. तुमचा फिल्टर सगळ्यांना लागू झाला की उद्यापासून प्रत्येक घोषणेला दोन ओळींचं पॅच जोडून तिला अपडेट म्हणतील. मी नाही करणार, पण शेजारी करेल. मग तुम्ही पुन्हा धागा काढाल.

आणि मूळचं सेटिंग बदलायला किती जण जातात हो? आधीपासून बंद ठेवलेली गोष्ट कोणी चालू करत नाही.

सेव्हपॉइंट

चालू करायला कोणी जात नाही, म्हणजे ती कोणाला नको आहे. याहून स्पष्ट मत कसं द्यायचं?

बॅकलॉग_बहाद्दर

नको असणं आणि माहीतच नसणं यात फरक आहे. डायनॅमिक कलेक्शन आधीपासून बंद ठेवलं असतं तर मीही ते कधी चालू केलं नसतं, आणि तुम्ही इथे त्याचाच पुरावा दिला असता.

रिस्पॉन

कार्डावरच्या गियरवर क्लिक करून त्या एका गेमच्या बातम्या कमी करता येतात, हे कोणी वापरतं का? मी दोन-तीन बडबड्या गेमना गप्प केलंय. आता पट्टी बऱ्यापैकी सुसह्य आहे.

फक्त_कीबोर्ड

ज्यांना यातलं काहीच नको त्यांच्यासाठी: व्ह्यू मेन्यूत जाऊन 'स्मॉल मोड' निवडा. नावांची यादी उरते. कव्हर नाही, शेल्फ नाही, बातमी नाही. नाहीतर प्लेनाइट नावाचा प्रोग्राम टाका, तो मुक्तस्रोत आहे आणि सगळ्या लाँचरचे गेम एकाच ठिकाणी दाखवतो.

जुनं_ग्राफिक्स_कार्ड

स्मॉल मोड लावून बघा आणि मग टास्क मॅनेजर उघडा. वेबहेल्पर तिथेच असतो. आणि प्लेनाइटमधून स्टीमचा गेम सुरू केला तरी मागे स्टीम उघडतंच, म्हणजे आता दोन लायब्ऱ्या रॅममध्ये.