विंडोजची लपवलेली बटणं आपण दाबावी का?

बर्डीवाला_डीटीपी:
नागपूरला सीताबर्डीत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून देण्याचं दुकान आहे. पत्रिका, प्रबंध, अर्ज... एका वेळी सात-आठ गिऱ्हाइकांचे फोल्डर उघडे असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये विंडोज ११ ची २२एच२ आवृत्ती टाकली. फाइल एक्सप्लोररचे टॅब, म्हणजे एकाच खिडकीत अनेक फोल्डर उघडायची सोय, तिच्यात होते, पण कुलूपबंद. व्हिव्हटूल नावाच्या मोफत साधनाने ते कुलूप उघडतं. पण कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ३७६३४३८५ असे आठ-आठ आकडे टाइप करावे लागतात. एक आकडा चुकला की भलतंच चालू व्हायची भीती. म्हणून त्याचं बटणवालं रूप घेतलं, व्हिव्हटूल जीयूआय. यादी समोर येते, शोधता येतं, आत्ता काय स्थिती आहे तेही दिसतं. मशीन माझं, कोड माझ्याच डिस्कवर पडलेला, मग परवानगी कोणाची घ्यायची? माझं मत, हे साधन प्रत्येकाने वापरावं.

महालकर:
भाऊ, तेच टॅब ऑक्टोबर २०२२ पासून रीतसर मिळायला लागले. महिनाभराच्या घाईसाठी तुम्ही पोटापाण्याचं मशीन पणाला लावलं. मायक्रोसॉफ्ट कंपनीने कुलूप लावलं ते काम अर्धवट होतं म्हणूनच ना?

बर्डीवाला_डीटीपी:
त्या महिन्यात दिवाळी होती दादा. गिऱ्हाईक काउंटरवर उभं आणि मी खिडक्या शोधून राहिलो, असं रोज होत होतं. टॅबने माझा खरंच वेळ वाचला.

लॅबवाली:
मी संगणक वर्ग चालवते, वीस मशीन आहेत. एका मुलाने असंच साधन आणून तीन-चार गोष्टी चालू केल्या. दुसऱ्या दिवशी त्या मशीनचा टास्कबारच येईना. मी समोर उभी राहून ‘स्टार्टवर क्लिक करा’ सांगते आणि एका पोराच्या पडद्यावर स्टार्टच नाही. बिचारा तासभर नुसता बसून होता. आकडे टाइप करायचे असते तर त्याने दोनदा विचार केला असता. बटण दिसलं की हात जातोच, मुलांचा तर जातोच जातो.

मिहान_टेस्टर:
कुलूप म्हणजे अर्धवट काम, हे नेहमीच खरं नाही महालकर. विंडोजच्या एकाच बिल्डमध्ये, म्हणजे उपआवृत्तीत, एखादी सोय काहींना चालू, काहींना बंद ठेवून कंपनी पारखते आणि हळूहळू सगळ्यांना देते. शेजारच्या मशीनवर दिसतं आणि आपल्या मशीनवर नाही, त्याचं कारण बरेचदा हेच. स्टेजिंगटूल नावाचं कंपनीचं स्वतःचं अंतर्गत साधन ऑगस्ट २०२३ मध्ये बाहेर आलं, तेही हेच काम करतं.

पण बर्डीवाले भाऊ, ‘प्रत्येकाने वापरावं’ हे मला पटत नाही. यादीत ‘कायम बंद’ असा एक गट असतो; तिथे बटण दाबून काही होत नाही. कित्येक ओळींना नावच नसतं, नुसता आकडा असतो. नाव असलं तरी ते प्रोग्रामरने स्वतःसाठी ठेवलेलं, त्यावरून काय बदलणार ते कळेलच असं नाही. तेव्हा यादी दिसते म्हणजे समजते, असं नाही.

आणि खरी अडचण पुढेच आहे. एक्सप्लोरर किंवा टास्कबार बसला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडायचा, त्यातून कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून चालवायचा आणि व्हिव्हटूलची सगळे बदल मागे घेणारी फुलरिसेट कमांड द्यायची. नंतर रीस्टार्ट. म्हणजे ज्या काळ्या खिडकीला टाळायला बटणं आणली, संकटात तीच लागते. तेवढं ज्याला हाताने करता येतं, त्याने खुशाल बटण दाबावं.

महालकर:
हेच तर मी म्हणून राहिलो. ज्याला ते जमतं, त्याला बटणवाल्या साधनाची गरजच काय?

मिहान_टेस्टर:
आहे ना. काय काय बदललं ते एका नजरेत दिसतं. मी स्वतः कमांड द्यायला शिकलो तरी पाहायला जीयूआयच उघडतो.

बर्डीवाला_डीटीपी:
फुलरिसेटचं मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं मी हे त्याशिवाय वापरत होतो. आज दुपारी जुन्या लॅपटॉपवर ती कमांड देऊन पाहिली, सगळं मूळपदावर आलं. चालू केलेला प्रत्येक आकडा तारखेसह बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो आहे. मात्र मशीन माझं आहे, या मतावर मी ठाम आहे.

लॅबवाली:
तुमचं तुमचं आहे भाऊ, मान्य. माझी वीस मशीन मुलांची आहेत. काल सगळ्यांचे अ‍ॅडमिन पासवर्ड बदलले.