‘स्मृतिचित्रे’ संपत आलं. पुढे कोणती आत्मचरित्रं, आणि कोणत्या क्रमाने?

मुक्ता_सांगली

आमच्या वाचन मंडळात आठ जणी आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसतो. सध्या लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ चालू आहे आणि बहुतेक जणी तिसऱ्या भागात आहेत. सगळ्यांना ते इतकं आवडलंय की यापुढचं वर्षभर फक्त आत्मचरित्रंच वाचायची असं ठरलं. ‘वाचलीच पाहिजेत अशी पन्नास’ छापाच्या याद्या भरपूर सापडतात, पण त्यात एका पुस्तकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. आम्हाला असा क्रम हवाय की एक वाचताना आधीचं आठवावं.

अडचणी तीन. वाचनालयात एकेका पुस्तकाच्या एक किंवा दोनच प्रती असतात. दोघींकडच्या ‘स्मृतिचित्रे’त प्रकरणंच जुळत नाहीत. आणि जुन्या छपाईतली भाषा काही जणींना अडते. जाणकारांनी सांगावं. तुम्ही सध्या काय वाचताय तेही लिहा.

हिंगण्याची_वाट

मुक्ताताई, क्रम हवा असेल तर एकाच घरातली पुस्तकं एकत्र घ्या. मराठीत याचा सगळ्यात भरघोस नमुना म्हणजे कर्व्यांचं घर. धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’, त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ (१९४४) आणि बायांच्या सख्ख्या बहिणीचं, पार्वतीबाई आठवल्यांचं ‘माझी कहाणी’ (१९२८). माणसं तीच, काळ तोच, आणि सांगणारे तिघे. मी सध्या हीच तीन पुन्हा समोर ठेवून वाचतोय.

सुरुवात ‘आत्मवृत्ता’ने करा. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, आणि लिहितानाही ते घटना एकापुढे एक नीट मांडत जातात. १८९३ चा पुनर्विवाह, त्यानंतर मुरुडकरांनी, म्हणजे त्यांच्याच गावच्या लोकांनी, टाकलेला बहिष्कार, विधवांच्या आश्रमासाठी निघालेली १८९६ ची अनाथ बालिकाश्रम मंडळी, १९०० मध्ये हिंगण्याला हललेला आश्रम, हा सांगाडा त्यांच्याकडून घ्या. मग ‘माझे पुराण’ उघडा. संस्था उभी राहताना घर कसं चाललं, पैसा कुठे कमी पडला, नवऱ्याच्या ध्येयाचा भार कुणी उचलला, हे बायाच सांगतात, आणि बोलल्यासारखं सांगतात. बायांचं पुस्तक आधी वाचलं तर बहिष्काराचे आणि आश्रमाचे उल्लेख अधांतरी वाटतात. म्हणून हा क्रम.

पार्वतीबाई शेवटी. दोघी बहिणी देवरुखच्या जोशांच्या, दोघी विधवा झालेल्या. एकीने पुनर्विवाह केला, दुसरीने केला नाही आणि उभं आयुष्य आश्रमाच्या निधीसाठी फिरण्यात घातलं. इंग्रजी जेमतेम असताना पार्वतीबाई अमेरिकेपर्यंत गेल्या. केशवपनाबद्दलचं त्यांचं मत कसं बदलत गेलं, तो भाग सावकाश वाचा. माझ्या मते या तिन्हींत धीट पुस्तक तेच आहे, आणि सगळ्यात कमी वाचलं जातं तेही तेच.

याला जोडून रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) घ्या. दुवा पंडिता रमाबाईंचा. १८८२ साली त्या पुण्यात आल्या तेव्हाचं रानड्यांचं घर एका पुस्तकात दिसतं, आणि १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हाची पहिली विधवा विद्यार्थिनी, गोदूबाई, ‘माझे पुराण’मध्ये. ही गोदूबाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई.

जुनी_प्रत

तुमच्या दोन ‘स्मृतिचित्रे’ का जुळत नाहीत ते सांगतो. हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. पुढे त्याच्या संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या, आणि टिपांसह केलेली संपूर्ण आवृत्तीही. संक्षिप्त आवृत्तीत प्रसंग गाळलेले असतात, त्यामुळे प्रकरणांचे क्रमांक सरकतात. एकीकडे तशी प्रत असणार.

दुसरं कारण कॉपीराइटचं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं हक्क राहतो. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, रमाबाई रानडे १९२४ मध्ये. त्यामुळे ही पुस्तकं आता कोणीही छापू शकतो, आणि छापतातही. मूळ मजकूर मोकळा असला तरी संपादकाने लिहिलेल्या टिपा, प्रस्तावना आणि सूची यांवर त्याचा वेगळा हक्क असतो. म्हणून स्वस्त प्रतीत नेमक्या टिपाच नसतात, आणि १८८० च्या आसपासचे नातेसंबंध, गावं, मासिकं कळायला त्याच तर लागतात.

विकत घेण्याआधी चार गोष्टी बघा. मुखपृष्ठाआतल्या पानावर ‘संक्षिप्त’ किंवा ‘संपादित’ असं बारीक अक्षरात लिहिलंय का. अनुक्रमणिकेत चारही भाग आहेत का. शेवटी टिपा किंवा नामसूची आहे का. आणि ‘आवृत्ती’ लिहिलंय की ‘पुनर्मुद्रण’: पुनर्मुद्रणात मजकूर सहसा जसाच्या तसा असतो, नव्या आवृत्तीत बदल असू शकतो. मधलं कुठलंही पान उघडून दोन परिच्छेद वाचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल दिसली तर मजकूर घाईत टंकलेला आहे असं समजा आणि प्रत खाली ठेवा.

आवृत्तीने पुस्तक किती बदलतं याचं ठळक उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या वरसईच्या भटजींची ही हकीकत. १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी ती छापली, पण भाषा आणि मजकूर यांत बराच हात फिरवून. हस्तलिखितावरून मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. मंडळात हे पुस्तक घ्याल तेव्हा सगळ्यांच्या हातात एकच पाठ असू द्या, नाहीतर चर्चा दोन वेगळ्या पुस्तकांवर होईल.

प्रती कमी पडल्या तर स्कॅन शोधा. हक्क संपलेली बरीच पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात, आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. स्कॅन उतरवल्यावर आधी पानांचे आकडे सलग आहेत का ते चाळून घ्या. जोडपानं चुकून सुटलेली असतात, आणि ते कळतं नेमकं बैठकीच्या आदल्या रात्री.

माणदेश_१९

वरची यादी उत्तम आहे, पण वर्षभर पुण्याच्या वाड्यांतच बसू नका. त्याच काळात गावकुसाबाहेर काय चाललं होतं ते या पुस्तकांत जवळपास दिसत नाही. सहा महिने तिकडचे, सहा महिने इकडचे करा.

इकडचा क्रम माझ्या मते असा. पहिलं दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८). रचना समजून घ्या: शहरात शिकून स्थिरावलेल्या दया पवारांना दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. दोघे एकच आहेत. ही सुरुवातीची पानं घाईत उलटली तर पुढे निवेदक स्वतःबद्दल इतका कडक का बोलतो ते लक्षात येत नाही. पुस्तक मुंबईतली कावाखाना ही वस्ती आणि अकोले तालुक्यातलं गाव यांत ये-जा करतं, तेव्हा वाचताना समासात ‘मुंबई’ आणि ‘गाव’ अशी पेन्सिलीने खूण करत जा.

दुसरं बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६). ‘स्मृतिचित्रे’नंतर लगेच हे घेऊ नका, मध्ये ‘बलुतं’ येऊ द्या. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात घटना एका घराभोवती फिरतात. बेबीताईंच्या पुस्तकात ‘मी’ कमी आणि ‘आम्ही’ जास्त: वीरगावचा महारवाडा, आखाडातले देव, अंगात येणं, सासुरवास, आणि मग बाबासाहेबांचं जेजुरीचं भाषण. एका बाईची गोष्ट शोधत वाचणारे पहिल्या दोन प्रकरणांत कंटाळतात आणि सोडून देतात. तिथे एका वस्तीची गोष्ट चालू आहे हे आधीच सांगून ठेवा.

तिसरं शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, तेही १९८६ चं. लहान वाक्यं, शिक्षिकेचा संसार, नाजाचं, म्हणजे शांताबाईंचंच, बालपण. थकलेल्या महिन्यात हे ठेवा. मग उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३), कोकणातलं. बेबीताई, शांताबाई आणि उर्मिलाताई या तिघींच्या पुस्तकांत आईच्या हातचं काम काय होतं एवढंच शोधत गेलात तरी एक पूर्ण बैठक होईल.

बोली अडली तर पहिली दहा पानं मोठ्याने वाचायची. बेबीताईंची फलटणकडची बोली डोळ्यांना अडते, कानांना अडत नाही. आणि ज्या शब्दावर अडाल तो लगेच कोशात शोधू नका. तीन पानांत तो दोनदा तरी परत येतो आणि अर्थ उघडतो. नाहीच उघडला तर मंडळातल्या वयस्क बाईला विचारा, कोशात बरेचसे नसतात.

मुक्ता_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बघितलं तर खरंच एक प्रत संक्षिप्त निघाली. आता दोन शंका. ‘आत्मवृत्त’ची जुनी प्रत मिळाली, पण त्यात जिकडेतिकडे अनुस्वार आहेत आणि दोघी तिथेच थांबल्या. आणि या पुस्तकांत बायकांची नावं इतकी बदलतात की कोण कोणाची, हेच लक्षात राहत नाही. यावर काय करता?

शिरोरेघ

अनुस्वारांचं सोपं आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेले. त्याआधीच्या छपाईत ते उच्चारासाठी नसून बहुतेक ठिकाणी व्याकरणाची खूण म्हणून आहेत, म्हणून मनातल्या मनात वाचताना सरळ सोडून द्या. ‘त्यानें’, ‘घरीं’, ‘नाहीं’ हे ‘त्याने’, ‘घरी’, ‘नाही’ असंच वाचायचं. पण दोन ठिकाणी त्यांचा उपयोग होतो. ‘ती’ म्हणजे एकटी बाई आणि ‘तीं’ म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन, जसं ‘तीं मुलें’. लांब वाक्यात कर्ता हरवला की हा टिंब बघायचा. तसंच ‘मी गेलों’ आणि ‘मीं केलें’ यांत दुसऱ्या ‘मीं’वर अनुस्वार, कारण तो तृतीयेचा. पंधरा-वीस पानांत डोळा सरावतो. त्याआधी पुस्तक बदलू नका.

नावांसाठी एक तक्ता करा, तोही वाचायला घेण्याआधी. चार रकाने: माहेरचं नाव, सासरचं नाव, घरात हाक मारायचं नाव, नवऱ्याचं नाव. मनकर्णिका गोखले म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. यमुना कुर्लेकर म्हणजे रमाबाई रानडे. गोदू जोशी, पहिल्या लग्नानंतर नातू, पुनर्विवाहानंतर आनंदीबाई कर्वे, आणि सगळ्यांच्या बाया. याच कागदावर खाली साल आणि कोणत्या पुस्तकाचं कोणतं पान, अशी ओळ वाढवत जा. पंडिता रमाबाईंची ओळ सगळ्यात लांब होईल.

प्रतींचं गणितही बसतं. आठ जणी, दोन प्रती, तीन पुस्तकं असतील तर सगळ्यांनी एकच पुस्तक एका वेळी घ्यायचा हट्ट सोडा. तीन गट करा, तीन आठवड्यांनी पुस्तकं फिरवा, आणि बैठक पहिली फेरी झाल्यावरच घ्या. कर्व्यांच्या तीन पुस्तकांना ही पद्धत छान लागू पडते: एक गट कर्व्यांकडून बोलतो, दुसरा बायांकडून, तिसरा पार्वतीबाईंकडून. एक प्रसंग आधी ठरवून घ्या. पुनर्विवाहानंतरचा मुरुडचा बहिष्कार घेतलात तर तिन्ही पुस्तकांत तो कुठे किती आलाय, कोण त्यावर थांबलंय आणि कोण पुढे निघून गेलंय, हे बघत दोन तास सहज जातात.

माणदेश_१९

‘झोंबी’ राहिलं. आनंद यादवांचं, १९८७ चं, कागलच्या शेतकरी घरातलं. ते चार पुस्तकांतलं पहिलं आहे. पुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’. याच क्रमाने वाचा, मधलं आधी उचललं तर वडिलांशी चाललेली शाळेसाठीची ओढाताण कळत नाही. मंडळासाठी पहिलंच पुरे, बाकीची ज्यांना हवीत त्या घरी नेतील. सांगलीकरांना बोलीची अडचण नाही.