भाऊ पाध्यांचं ‘राडा’ स्कॅन करून टाकावं का?

पानगळ:
आम्ही पाच-सहा जण कर्वेनगरला एका मैत्रिणीच्या गच्चीवर रविवारी संध्याकाळी जमतो आणि जुनं मराठी वाचतो. सध्या कादंबरीकार भाऊ पाध्ये चालू आहेत. सुरुवात त्यांच्या ‘वासूनाका’ या पुस्तकानं झाली आणि आता आम्ही सगळेच त्यांच्या नादी लागलोय. आमच्यातला एक जण लातूरचा. त्यानं कॉलेज संपेपर्यंत भाऊंचं नावही ऐकलं नव्हतं, आता तोच भेटेल त्याला पुस्तक वाचायला देत असतो.

मध्यंतरी जुन्या बाजारात त्यांचं ‘राडा’ मिळालं. पानं तपकिरी पडलीत, कडा हात लावला की तुटतात, आणि आधीच्या मालकानं पाठीवर सेलोटेप मारून ठेवलाय. ग्रुपमधले दोघं म्हणतात, स्कॅन करून टेलिग्रामवर टाकून देऊ, लेखक जाऊन इतकी वर्षं झाली, निदान लोक वाचतील तरी. मला ते पटत नाही, पण त्यांना उत्तर काय द्यायचं ते सुचत नाही. शिवाय भाऊंचा जन्म १९२६चा, म्हणजे २०२६ला शंभर वर्षं. पुण्यात त्यांच्यासाठी काहीतरी व्हावं असं फार वाटतं. मोठा हॉल, पाहुणे, हारतुरे आम्हाला जमणार नाही. काय करता येईल?

नारायणपेठी:
पानगळ, माझी सगळी नोकरी एका वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर झाली, त्यामुळे आधी पुस्तकाचं सांगतो. सेलोटेप ओढून काढू नका, छपाईच निघून येईल. नवा तर अजिबात लावू नका. त्याचा डिंक पानात मुरतो आणि डाग पडतो. लॅमिनेशनचा विचारही नको. त्या काळच्या स्वस्त कागदात आम्ल राहतं, तेच त्याला आतून खातं. कडा तुटतात त्या म्हणून. पिना गंजल्या असतील तर मागून हलक्या हातानं सरळ करून काढा आणि साध्या सुती दोऱ्यानं शिवा. सुटी पानं जाड पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये ठेवा, वर वजन ठेवू नका.

स्कॅन जरूर करा, पण आपल्यापुरतं, पुस्तक हाताळावं लागू नये म्हणून. यंत्रावर पालथं दाबायचं नाही. अर्धवट उघडून दोन्ही बाजूंना उशी द्या आणि वरून फोटो घ्या. टेलिग्रामवर मात्र टाकू नका. लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. भाऊ १९९६ साली गेले, म्हणजे २०५६ संपेपर्यंत. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील. प्रकाशक आवृत्ती काढतो ती मागणी दिसली तर. फुकट पीडीएफ दोन हजार फोनांत जाऊन पडते, उघडतं कोण देव जाणे, आणि दुकानदाराकडे विचारणाही होत नाही. त्यापेक्षा तुम्ही सगळ्यांनी वेगवेगळ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन भाऊंची पुस्तकं मागा. आहेत ती विकत घ्या, नसतील त्यांची नावं लिहून द्या. प्रकाशकाला पत्र टाका. वाचनालयाच्या मागणी-वहीतही लिहा, ती वही वाचली जाते, मी स्वतः वर्षानुवर्षं वाचलेली आहे.

वाचनालयात शोधताना एक ध्यानात ठेवा. भाऊंचं कागदोपत्री नाव प्रभाकर नारायण पाध्ये, आणि समीक्षक प्रभाकर पाध्ये हे वेगळे गृहस्थ. पुस्तकसूचीच्या कार्डांत दोघांची सरमिसळ झालेली असते. ‘भाऊ’खाली नाही मिळालं तर ‘प्रभाकर’खाली बघा.

आता शताब्दीचं. तुम्ही गच्चीवर करताय तेच मोठ्यानं, लोकांसमोर करा. भाऊंचं गद्य कानानं वाचायचं आहे. ‘वासूनाका’ १९६५ला आलं तेव्हा अत्र्यांसारख्यांनी त्यावर झोड उठवली. पण त्यातला नाक्यावरचा पोरगा पोक्या ज्या भाषेत बोलतो ती डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं, आणि कुणी सुरात वाचली की दोन मिनिटांत पोरं समोर उभी राहतात. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एकदा आम्ही त्यातलं एक प्रकरण वाचलं होतं. पहिल्या पानाला लोक खुर्चीत चुळबुळत होते. मग दारात उभा असलेला आमचा शिपाई, मूळचा परळचा, एका वाक्यावर खदखदून हसला आणि पुढचा शब्द त्यानंच वाचणाऱ्याच्या आधी म्हटला. तिथून खोली सैल झाली.

छापील पुस्तकातले बेताचे उतारे जाहीर वाचायला कायद्याची आडकाठी नाही. तिकीट ठेवू नका. नाट्यरूपांतर करायचं झालं तर वारसांची लेखी परवानगी घ्या.

आणि ‘वैतागवाडी’ विसरू नका. मुंबईत डोक्यावर छप्पर मिळवताना माणसाचं काय होतं त्याची ती गोष्ट. कॉट बेसिसवर राहणाऱ्या, डिपॉझिटपायी हैराण झालेल्या पोरांसमोर ती पुण्यात वाचा. तुमच्या लातूरच्या मित्राला वाचू द्या.

धायरीफाटा:
काकांचं सगळं पटलं, पण ‘वासूनाका’ जाहीर वाचायचं तर एक बोलायलाच हवं. नाक्यावरच्या पोरांची बायकांकडे बघायची नजर त्यात आहे तशीच आहे. मी ते पुस्तक जीव लावून वाचलंय, तरी समोर कॉलेजच्या मुली बसलेल्या असताना ते पुरुषी आवाजात ऐकणं मला जड जाईल. गाळा असं म्हणत नाही. वाचणारी बाई असेल तर?

नारायणपेठी:
ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. गाळायचं तर नाहीच, गाळलेले भाऊ म्हणजे भाऊ नव्हेत. बाईनं वाचावं हे मला मनापासून आवडलं. पोक्याची फुशारकी बाईच्या तोंडून आली की त्यामागचं त्याचं रितेपण जास्त ऐकू येईल असं वाटतं. वाचून झाल्यावर लगेच चहा काढू नका, अर्धा तास बोलायला ठेवा.

निवड कशी करायची असा प्रश्न पडेल, तर ‘भाऊ पाध्ये यांच्या श्रेष्ठ कथा’ हातात घ्या. दिलीप चित्र्यांनी संपादित केलेलं पुस्तक आहे. चित्रे शेवटची बरीच वर्षं आपल्या पुण्यातच होते. स्वतः एवढा मोठा कवी, पण दुसऱ्याच्या कथा चाळून, निवडून वाचकांपुढे ठेवल्या. अशोक शहाण्यांनी आपल्या ‘प्रास’ प्रकाशनातून कवी अरुण कोलटकरांसाठी तेच केलं. १९७७ला कविता काढल्या, आणि पुढचे मराठी संग्रह २००३ला, ‘भिजकी वही’ आणि ‘चिरीमिरी’. मधली पंचवीसएक वर्षं ते कवीला धरून राहिले. पुढच्याच वर्षी कोलटकर पुण्यात वारले. पुस्तकं त्यांच्या हयातीत निघाली याचं मला आजही समाधान वाटतं. या लेखकांचं सरकारनं किंवा विद्यापीठानं काही करावं म्हणून त्यांची माणसं थांबली नाहीत.

पानगळ:
काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. स्कॅनवाल्या दोघांना सगळं वाचून दाखवलं. एक जण लगेच तयार झाला, दुसरा अजून कुरकुरतोय, पण अप्पा बळवंत चौकात जायचं त्यानंही कबूल केलंय.

पहिलं जाहीर वाचन ‘वैतागवाडी’चं ठरवतोय, लातूरचा मित्र वाचणार. ‘वासूनाका’ त्यानंतर, आणि ते आमच्यातली एक मैत्रीण वाचेल. डेक्कन ते कर्वेनगर पट्ट्यात तीस-चाळीस माणसं बसतील अशी, भाडं नसलेली जागा कुणाला ठाऊक आहे का? माइक नको, पण रस्त्याचा आवाज आत येणारी नसावी. आणि काका, तुमचे ते परळचे शिपाई पुण्यात असतील तर त्यांनाही सोबत घेऊन या.