सहकारी संस्थेचा ‘नफा’ की ‘वाढावा’?

ओनामा: राष्ट्राच्या आर्थिक विकासातील सहकाराच्या वाट्याविषयीच्या एका प्रकरणाचा अनुवाद करताना, खर्च वजा जाता सहकारी संस्थेकडे वर्षअखेर उरणाऱ्या रकमेसाठी मी ‘वाढावा’ हा शब्द योजला होता. संपादकांनी तो पाठ्यपुस्तकी ठरवून सर्वत्र ‘नफा’ केला. आता एक वाक्य असे झाले आहे : ‘संस्थेचा नफा भागधारकांना त्यांनी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात परत मिळतो.’ नफा मिळू शकतो. पण तो ‘परत’ कसा मिळेल?

जमाखर्च: शंका रास्त आहे. इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या 28 जणांनी 1844 साली जे सहकारी दुकान काढले, त्यात माल बाजारभावाने विकला जाई आणि उरलेली रक्कम प्रत्येकाच्या खरेदीच्या प्रमाणात वाटली जाई. भांडवलावर मात्र ठरावीक व्याजच मिळे. म्हणजे सभासदाने आधी जास्त दिलेले पैसेच त्याच्याकडे येत. तरीही ताळेबंदाशेजारी ‘नफा-तोटा पत्रक’च छापलेले असते, आणि मी आयुष्यभर त्यात ‘निव्वळ नफा’ असेच लिहीत आलो. कोणाचाही गैरसमज झाला नाही.

मुळाक्षर: रूढी हे शुद्धतेचे प्रमाण नव्हे. ‘नफा’ अरबीतून आलेला व्यापाऱ्यांचा शब्द आहे. ‘आधिक्य’ लिहावे, ‘संतोषाधिक्य’ (ग्राहक द्यायला तयार असलेली आणि त्याने प्रत्यक्ष दिलेली किंमत यांतील फरक) हा शब्द आपण अर्थशास्त्रात स्वीकारलेच आहे.

पायवाट: अरबीतून आला म्हणून तो त्याज्य ठरत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ उपयोग किंवा हित असा आहे, आणि सभासदांचे हित हेच तर सहकाराचे प्रयोजन. उलट आपला ‘सहकार’ पाहा : संस्कृत काव्यात सहकार म्हणजे आंब्याचा वृक्ष! एकाच्या आधाराने अनेकांनी वाढावे, ही कल्पना या शब्दात आधीपासूनच होती, असे मला फार वाटते.

मुळाक्षर: तसे वाटण्याला आधार नाही. आजचा ‘सहकार’ सरळ ‘सह’ आणि ‘कृ’ यांवरून लावता येतो. वृक्षाचा येथे संबंध नाही.

ओनामा: माझी अडचण व्युत्पत्तीची नाही. शेतमाल विकणारी संस्था सभासदाला वर्षभर चढा भाव देते, तेव्हा तिच्या पत्रकात जवळजवळ काहीच उरत नाही. तिने निर्माण केलेले मूल्य सभासदांच्या घरच्या उत्पन्नात गेलेले असते. ‘नफा’ या शब्दाची सवय झालेला वाचक अशा संस्थेला अपयशी समजतो, आणि राष्ट्रीय अर्थव्यवस्थेतील सहकाराचे काम नेमके जिथे मोठे असते तिथेच ते त्याला दिसत नाही. म्हणून मी या शब्दासाठी भांडतो आहे.

पायवाट: मग ‘परतावा’च म्हणा.

जमाखर्च: ते चालणार नाही. जर्मनीत ग्रामीण सहकारी पतपुरवठ्याचे प्रवर्तक रायफायझन यांच्या धर्तीवरील पतसंस्थांत उरलेली रक्कम न वाटता अविभाज्य निधीत ठेवण्याची पद्धत होती. तिथे परत काहीच जात नव्हते. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने 1995 साली मँचेस्टर येथे स्वीकारलेल्या तत्त्वांतही संस्थेचा विकास व राखीव निधी, व्यवहाराच्या प्रमाणात सभासदांचा लाभ आणि सभासदांनी मान्य केलेली इतर कामे, असे तिन्ही मार्ग आहेत. शिवाय सभासद नसलेल्या ग्राहकाशी केलेल्या व्यवहारातून जे उरते, ते कोणाचे ‘परत’ करणार? तो माझ्या मते खराखुरा नफाच आहे.

मुळाक्षर: म्हणजे एकाच पत्रकात दोन शब्द?

जमाखर्च: वस्तू दोन असतील तर शब्दही दोन हवेत. पण आपण सारे भलत्याच शब्दावर अडलो आहोत. मूळ वाक्यातील ‘भागधारक’ कोणालाच कसा खटकला नाही? कंपनीत मत भागाला असते, सहकारी संस्थेत माणसाला. एका सभासदाला एकच मत.

मुळाक्षर: ‘सभासद’ म्हणजे सभेत बसणारा, त्यापेक्षा ‘सदस्य’ बरा.

पायवाट: ‘सदस्य’ कोणत्याही मंडळाचा असतो. सहकारात ‘सभासद’च रुळला आहे, आणि सभेत बसून निर्णय घेणे हाच तर त्याचा हक्क आहे.

ओनामा: ‘भागधारक’ हा बदलही संपादकांचाच आहे, ‘नफा’ पाहण्याच्या नादात तो माझ्या नजरेतून सुटला होता. आता हे दोन्ही शब्द त्यांच्यापुढे एकत्र ठेवतो.