ड्रायरचा पाइप शेवटचा कधी साफ केलात? (शेगडी-डालग्याचे अनुभवही चालतील)

तिसऱ्या गेटाजवळची
काल रात्री ड्रायर लावून परात घासत होते आणि एकदम लहानपणीचा वास आला. करपट, कोमट, सुती कापडाचा. क्षणभर वाटलं, आज्जीनं डालगं (विणलेली मोठी टोपली) उलटं घातलंय.

आमचं गाव खानापूरच्या पुढं, जांबोटीच्या बाजूला. धाकटा भाऊ आषाढातला. शेगडीत निखारे, वर उलटं डालगं, त्यावर लंगोट आणि दुपटी. आज्जी मधूनमधून तळवा फिरवून बघायची आणि फडकं उलटायची. एकदा गोठ्यात जाताना मला म्हणाली, "बघत बस गं." मी बघत नव्हते. दुपट्याच्या मधोमध पंजाएवढं तपकिरी भोक पडलं. आज्जी ओरडली नाही. लाल खणाचं ठिगळ लावलं आणि तेच दुपटं पुढं मामाच्या पोरालाही गेलं.

मग भानावर आले, आता घरात शेगडी कुठली! वास ड्रायरचा होता. बंद केला, वरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. सासऱ्यांच्या अंथरुणाच्या चादरींसाठी दोन पावसाळ्यांपूर्वी घेतलाय. आतली जाळी दर वेळी काढते, पण मागून खिडकीबाहेर जाणारा पाइप एकदाही काढलेला नाही. हल्ली टॉवेल दोनदा फिरवावे लागतात, मला वाटायचं यंदा दमटच जास्त आहे. तुम्ही किती दिवसांनी साफ करता?

कणकुंबीचा पाऊस
आमचा ड्रायर म्हणजे चुलीवरची दांडी. चार महिने शर्टाला धुराचा वास. बेळगावात कॉलेजला आलो तर पोरं विचारायची, सकाळी सकाळी वांगं भाजून आलास काय रे?

घाईत आहे
ताई आधी प्लग काढा. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

पार्सल कुंदा
डालगं कोंबड्या झाकायला असतं की वो. कपड्यांचं ते टोपलं.

तिसऱ्या गेटाजवळची
आमच्याकडं एकच होतं. दिवसा कोंबड्या, रात्री लंगोट. 😄 (धुऊन घ्यायची आज्जी, घाबरू नका.)

न्यू जर्सीतली अनगोळकर
माझ्या बाळंतपणाला आई इकडं आली होती. मी ड्रायरच्या जाळीवरून तुसाचा थर सोलून कचऱ्यात टाकायचे. राखाडी, मऊ, पिंजाऱ्यानं पिंजून दिल्यासारखा. आईचा जीव तुटायचा. "एवढा कापूस टाकतेस?" मला न सांगता डबा भरून साठवला आणि एका गुरुवारी त्याच्या फुलवाती करून निरांजनात लावल्या. तुपात नीट भिजल्याही नव्हत्या. काडी लावली तशी भसकन ज्योत वर, वास प्लास्टिक जळल्यासारखा, आणि छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. बाळ उठलं, शेजारी दारात. आई निरांजन हातात धरून उभी. म्हणाली, "अगं, हे तर बारूद आहे!"

त्या दिवसापासून पाइप कधी चुकवला नाही. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन विभागाचा हिशेब आहे, २००८ ते २०१० या काळात घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला साधारण २,९०० आगी लागल्या, आणि साफसफाई न करणं हे सगळ्यात मोठं कारण. इकडं सांगतात ते असं: जाळी प्रत्येक घाण्याला, पाइप वर्षातून निदान एकदा. मी दोनदा करते, घरात मांजर आहे.

कणकुंबीचा पाऊस
निरांजन हातात आणि वर अलार्म. ही आई आम्हाला पाहिजे 🙏

वडगावचा माग
त्या बारुदाला मी बारक्यापणापासून ओळखतो. आमचे दोन माग होते. तूस पत्र्यावर बसतं, वायरवर बसतं, कोळ्याच्या जाळ्यावर बसतं, दुपारपर्यंत जाळ्याची दोरी होते. बाबा बिडी ओढायला रस्ता ओलांडून पलीकडच्या कट्ट्यावर जायचे, पाऊस असला तर छत्री घेऊन. मला वाटायचं आईला भिऊन जातात. शेडमधला बल्ब आठवड्याला पुसायचं काम माझं होतं. नाही पुसला तर त्यावरचं तूस आधी पिवळं पडायचं, मग तपकिरी. ताई, तुमचा वास तोच.

दुरुस्तीची पिशवी
हे काम करतो म्हणून सविस्तर लिहितो. आधी तुमचं मशीन कुठलं ते बघा. वॉशिंग मशीनमध्येच वाळवणारं असेल तर त्याला बाहेर हवा सोडणारा पाइप नसतो, तो जो मागं दिसतो तो पाण्याचा. वेगळा ड्रायर असून त्यात पाण्याचा डबा भरत असेल तर तोही बिनपाइपचा. त्याचा डबा रिकामा करायचा आणि पुस्तकात लिहिलंय तसं आतलं पातळ पत्र्यांचं खोकं साफ करायचं. तिथंही तूस बसतं.

ताईंचा गरम दमट हवा बाहेर फेकणारा आहे. त्याचा पाइप म्हणजे चुलीचं धुराडं समजा. तुंबलं की उष्णता आतच कोंडते. टॉवेलला दुप्पट वेळ, पत्रा तापणं, करपट वास, ही तिन्ही लक्षणं तुम्हीच लिहिलीत. आता साफ होईपर्यंत लावू नका.

वर्षातून एकदा हे बारा महिने सारखा वापर धरून सांगतात. आपल्याकडं आठ महिने मशीनवर मिक्सरचा खोका ठेवलेला असतो आणि चार महिने ते रोज पळतं. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो, मृगाआधी एकदा आणि गणपतीआधी एकदा. अंथरुणावरचं माणूस, लहान बाळ किंवा कुत्रं घरात असेल तर मध्ये आणखी एकदा. पाइप चुरगळणारा असेल तर पत्र्याचा गुळगुळीत घ्या, चुण्यांत तूस अडकतं. लांबी आणि वळणं जितकी कमी तितकं बरं.

सुभेदार (निवृत्त)
माझी चूक सांगतो. पाइपच्या बाहेरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं. मी तोडलं, पुन्हा केलं. मग मी हुशारी केली, डासांची जाळी कापून तोंडाला ताणून बांधली. माशी थांबली. श्रावण संपता संपता सौ. म्हणाल्या, कपडे वाळत नाहीत. शिडी लावून वर गेलो तर जाळीची घोंगडी झालेली! बोटानं दाबलं तर फेल्टच्या टोपीसारखी जाड. आता हवेनं उघडणारं आणि मशीन थांबलं की मिटणारं झाकण बसवलंय. जाळी लावू नये.

पार्सल कुंदा
काका, शिडीवर तुम्ही चढला? गेल्या महिन्यात तर गुडघ्याचं सांगत होता.

सुभेदार (निवृत्त)
शिडी मी धरली. चढला नातू.

बाळंतीण वहिनी
आमच्याकडं रोज तेलाचं मालिश. तेलाचे फडके धुऊन ड्रायरमध्ये टाकत होते. दुरुस्तीच्या पोरानं बघून डोक्याला हात लावला. तेल धुण्यात पूर्ण जात नाही, गरम फडके गठ्ठा करून ठेवले तर आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकतात म्हणे. आता ते फडके फॅनखाली वलणीवर. आणि शेवटची दहा मिनिटं ड्रायर नुसती गार हवा फिरवतो ना, ती मी घाई करून मध्येच बंद करायचे. तेही नाही करायचं. जाताना त्यानं दारातून पुन्हा ऐकवलं, "वरसक्क ओंद सल बिच्चि क्लीन माडबेकरी, अक्कार." वर्षातून एकदा उघडून साफ करा, अक्का. सासूबाईंनी लगेच कॅलेंडरवर लिहिलं, मृग नक्षत्राच्या चौकोनात, गॅसच्या नंबरच्या खाली.

कणकुंबीचा पाऊस
कॅलेंडरवर गॅसचा नंबर आमच्याकडं पण. आणि दुधाचे खाडे.

घाईत आहे
आले. जाळी साफ करणाऱ्यांनी एक करून बघा, नळाखाली धरा. पाणी खाली न जाता वर साचत असेल तर जाळीवर अदृश्य थर बसलाय. सुगंधी कागद घालून वाळवलं की असं होतं. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. माझी तर वाटीसारखी भरली होती.

निपाणीकर
आमच्यात ड्रायर नाही. वखारीत तंबाखू असायची त्यामुळं पावसात वाळवलेल्या कपड्यांना तंबाखूचा वास यायचा, शाळेत शिंका. विषयाशी संबंध नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

वडगावचा माग
आहे की संबंध. वास हाच विषय झालाय.

पार्सल कुंदा
कुणाकडं डालगं विणणारं माहीत आहे काय? शनिवारच्या बाजारात आता प्लास्टिकचीच मिळतात. बहिणीला हवंय, शोपीस म्हणून. 😐

तिसऱ्या गेटाजवळची
सगळ्यांचे आभार. आज दुपारी सासऱ्यांना जेवण देऊन मशीन पुढं ओढलं. पाइप काढून आडवा केला तर काहीच पडलं नाही. म्हटलं, चला, उगीच घाबरले. मग आत हात घातला. कोपर गेलं त्या वळणावर तूस असं घट्ट बसलं होतं की लाटण्यानं ढोसून काढावं लागलं. परातभर निघालं. मधल्या थराचा रंग लाल, तो गेल्या दिवाळीच्या नवीन सतरंजीचा. त्याखाली निळा, सासऱ्यांच्या लुंगीचा. सगळ्यात तळाला चिकटलेला थर तपकिरी होता, हात लावला की भुगा होत होता. न्यू जर्सीच्या ताई, वाती केल्या नाहीत हो. ओला करून पिशवीत बांधून टाकला.

आता अडचण अशी की पाइप आवळायचा पट्टा आहे, त्याचा स्क्रू फ्रिजखाली गेलाय. चुंबक कुणाकडं आहे काय? नाहीतर संध्याकाळी चादरी पुन्हा सोफ्यावर.