मदत हवी आहे: ट्यूबने चौकट बांधताना कोपरे सरकतात

मंडळी, माझ्याकडे पट्ट्याचा क्लॅम्प (चौकट चारही बाजूंनी आवळून धरायचा पट्टा) नाही, म्हणून फोटोची चौकट चिकटवायला सायकलची जुनी ट्यूब वापरतो. व्हॉल्व्ह कापून टाकायचा, ट्यूब उभी चिरून दोन बोटं रुंद पट्टी करायची आणि ताणून चौकटीभोवती तीन-चार वेढे द्यायचे. पकड इतकी घट्ट बसते की सांध्यातून ग्लूचे थेंब बाहेर येतात. पण ताण पडला की ४५ अंशांत कापलेले कोपरे ओल्या ग्लूवर घसरतात. काल एक कोपरा नखभर पुढे आला. पुसला, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून पुन्हा बांधला, तरी तेच!

ग्लूवर मिठाचे चार दाणे भुरभुरले तर घसरणं थांबतं म्हणे. कोणी करून पाहिलंय का? सांधा कमजोर तर होत नाही ना? की कापलेल्या तोंडावर आधी ग्लूचा पातळ हात देऊन थोडं थांबावं? तिथे लाकूड ग्लू पिऊन टाकतं, त्यामुळे मला हेच जास्त पटतं. किती वेळ थांबायचं, ते कळत नाही.

शिवाय फिक्या लाकडावर ट्यूबचे काळे डाग पडतात. हॅकसॉच्या जुन्या पात्याने खरवडतो, पण कडा गोल होतात. ट्यूब आणि लाकडाच्या मध्ये काय घालू? चौकट बहिणीसाठी आहे, नीटच व्हायला हवी.